पलंगाखालची शाई

पलंग टेम्पोत चढला
आणि सत्तावीस वर्षांनी तिथं उजेड पडला.
शहाबादी फरशीवर शाई.
आधीच सांगते, ती नकाशासारखी दिसत नाही.
बेळगावातल्या कुठल्याही डागात
पाहुण्यांना सीमा दिसते.
मला दिसली अंड्यावर बसलेली कोंबडी.

सांडली मीच, सहा वर्षांची असताना.
बाबा कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे,
उरलेले घरी आणायचे.
पाटावर एकाच गाऱ्हाण्याच्या दोन प्रती,
एक मराठीत, एक कन्नडात,
टाक तोच, दौत तीच,
कन्नड लिहिताना फक्त मनगट जरा जास्त गोल फिरायचं.
मी दोरीवरची उडी मारली. दौत आडवी.
ते ओरडले नाहीत.
आधी अर्ज उचलले,
मग मला,
मग पलंग सरकवला.

उद्या चार वाजता बाळाप्पा हुक्केरी येणार,
घर बघणार, मग डिपॉझिट.
मी पदर खोचला.

साबणानं फेस निळा झाला, शाई होती तिथंच.
दुधानं फरशीला दुधाचा वास आला.
नेलपॉलिशचं रिमूव्हर ओतलं, डोकं दुखलं.
मग लिंबाची फोड, मीठ लावून,
दात ओठ खात घासली,
आणि दगड बारीक फसफसला.
शाईभोवती पांढरट कडं उठलं,
चकाकी गेली ती गेलीच.

"काय करालीस गं?"
दारात रुद्रव्वा, हातात चहाची किटली.
माझ्याशी मराठी बोलते, डागाशी कन्नड बोलली:
"कले होगूदिल्ल बिडवा."
कले म्हणजे डाग. आणि कले म्हणजे कलासुद्धा.
बाबा म्हणायचे, एका शब्दात दोन कामं,
कन्नडनं शाईचे पैसे वाचवले.

जाणार नाही म्हणाली खरी,
पण किटली ठेवून परत गेली
आणि मुलतानी मातीचा डबा घेऊन आली.
"घासू नकोस. घासलं की आत जाते.
दगड तहानलेला असतोय, प्यालाय.
त्याच्यापेक्षा तहानलेलं कायतरी वर ठेव."
गरम पाण्यात माती कालवली, थालिपीठाएवढी घट्ट,
बोटभर जाड थापली,
वर कुंद्याच्या डब्यातला प्लास्टिकचा कागद,
त्याला सुईनं भोकं.
रात्री त्याच्याच शेजारी सतरंजीवर झोपले.
रिकाम्या घरात नळ ठिबकतो तो किती मोठ्यानं.

सकाळी माती भेगाळलेली, निळी.
जुन्या बसपासच्या कडेनं खरवडली,
पुन्हा थापली, दुपारी पुन्हा.
कोंबडी गेली. आधी शेपूट, मग पोट.
राहिला एक जांभळा ठिपका,
सुपारीएवढा,
तिसऱ्या खेपेलाही हलला नाही.
बाबांनी जांभळी शाई कधी वापरलीच नव्हती.

बाळाप्पा आला, चपला बाहेर काढून,
स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा.
वाकून ठिपक्यावर बोट ठेवलं.
"ह्यो तुमचा न्हवं. तुमच्या आधी पोष्टातला कारकून ऱ्हायचा,
शिक्क्याची शाई घरी आणायचा.
आमच्या अप्पानं त्याचे धा रुपये कापले होते."
म्हणजे बाबांनी पाट मांडला तेव्हा
डाग आधीच होता,
मी माझी शाई त्याच्यावर ओतली,
आणि इतकी वर्षं दोन्ही स्वतःच्या नावावर लिहून घेतली.

मग त्याची नजर कड्यावर गेली.
"आनि हे पांढरं कशाचं?"
"लिंबाचं."
"लिंबू कुनी सांगितलं होतं?"
पाचशे कापले.

टेम्पोवाला किल्ली फिरवता फिरवता
माझ्या बोटांकडे बघत म्हणाला,
"मत देऊन आलात काय, ताई?
आज कसलं इलेक्शन हो?"
मी बोटं पदरात घेतली.
पलंगाचा एक पाय दोरीतून सुटून
खानापूर रोडवर सगळा वेळ वाजत राहिला.